मंचावरचा मॅक

६ जून २००५. सॅन फ्रान्सिस्कोचं मॉस्कोनी सेंटर. सभागृहात ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी बसली आहेत. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज मॅकवर एकेक करामत करून दाखवतायत. बोलता बोलता ते 'अबाउट धिस मॅक'ची खिडकी उघडतात. प्रोसेसर: ३.६ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४. सकाळपासून मंचावर चालत होता तो मॅक इंटेलच्या चिपवर!

तोवर मॅकमध्ये पॉवरपीसी घराण्याच्या चिप असायच्या. ॲपल त्या सोडून इंटेलकडे जाणार, ही कुजबूज तशी जुनीच. पण विश्वास कोण ठेवणार? १९९८च्या जाहिरातीत याच ॲपलने इंटेलचा पेंटियम टू गोगलगायीच्या पाठीवर बसवला होता.

मग पॉवरपीसीचं घोडं अडलं कुठे? उष्णतेपाशी. २००३ साली जी ५ ही पॉवरपीसी चिप घेऊन पॉवर मॅक जी ५ आला, तेव्हा वर्षभरात ३ गिगाहर्ट्‌झ गाठू, असं जॉब्जनी जाहीर सांगितलं होतं. दोन वर्षांनी काटा २.७वरच. वरच्या मॉडेलची चिप थंड ठेवायला तर पाण्यासारखा द्रव नळ्यांतून फिरवावा लागत होता. असली भट्टी लॅपटॉपमध्ये कोंबायची कशी? जी ५ चा पॉवरबुक शेवटपर्यंत आलाच नाही. जॉब्ज त्या दिवशी नुसत्या वेगावर बोलले नाहीत. एका वॉटमागे काम किती होतं, हा त्यांचा हिशोब होता. पुढच्या दोन दशकांचा हिशोबही तोच ठरला.

पण चिप बदलणं म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर बदलणं नव्हे. प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरची आज्ञांची भाषा वेगळी असते. एकासाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला कळतच नाही. आकडा मेमरीत ठेवायची रीतसुद्धा वेगळी: मॅकवर पॉवरपीसी आकड्याचा मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवायचा, इंटेल धाकट्या स्थानाचा. चार बाइटमध्ये लिहिलेला साधा १ उलट्या क्रमाने वाचला, तर होतात १,६७,७७,२१६. प्रोग्रॅमरची झोप उडायला एवढं पुरे.

म्हणून अशा बदलात खरा भाव असतो दुभाष्याला. १९९४ साली मॅक मोटोरोलाच्या ६८०००च्या घराण्यातून पॉवरपीसीवर आला, तेव्हा जुने प्रोग्रॅम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर चालायचे. खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचाही मोठा भाग त्याच्याच आधारावर होता. नव्या घरात जुनंच सामान! इंटेलच्या वेळी हे काम 'रोझेटा'कडे आलं. मॅक ओएस ९ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातले प्रोग्रॅम मात्र तिला झेपत नव्हते. ते मागेच राहिले, आणि त्यावर पोट असलेल्यांचे हाल झालेच.

जॉब्जनी त्या दिवशी आणखी एक गुपित फोडलं. तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम, मॅक ओएस टेन, पाच वर्षं दुहेरी आयुष्य जगत होती. प्रत्येक आवृत्ती पॉवरपीसीबरोबर इंटेलसाठीही गुपचूप तयार होत होती. हे जमलं, कारण तिचं मूळ जॉब्जच्याच नेक्स्ट कंपनीच्या सिस्टिममध्ये होतं आणि ती जुनी सिस्टिम १९९३ पासून इंटेलवर चालत होती. माझ्या मते बाजी इथेच मारली गेली. चिप पसंत करणं सोपं. पाच वर्षं दोन्ही दारं उघडी ठेवायला चिकाटी लागते.

जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले. त्याच ऑगस्टमध्ये मॅक प्रो आला आणि बदल पुरा झाला. पुढची चौदा वर्षं शांततेत गेली. मग तक्रार तीच, फक्त आरोपी बदलला: आता गरम होत होता इंटेल. तोवर ॲपल आयफोन आणि आयपॅडसाठी स्वतःच्या चिप घडवण्यात मुरलेली होती.

२२ जून २०२०. ॲपलचं मुख्यालय, ॲपल पार्क. नव्या मॅक ओएसची प्रात्यक्षिकं झाल्यावर ॲपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिगी तीच खिडकी उघडतात, 'अबाउट धिस मॅक'. आत नाव आहे ए १२ झेड. आयपॅड प्रोमधली, ॲपलची स्वतःची चिप. सगळी प्रात्यक्षिकं तिच्यावरच झाली होती.

महामारीमुळे कार्यक्रम आधीच चित्रित केलेला. या वेळी चकित व्हायला समोर कुणीच बसलेलं नव्हतं.