स्तनांची खाज आणि दुखरेपणा

श्रोते भगिनींनो, नमस्कार. दवाखान्यात ‘छातीत दुखतंय’ एवढेच सांगून गप्प बसणाऱ्या अनेक स्त्रियांना खरे तर स्तनात दुखते आहे असे म्हणायचे असते. त्या शब्दाचा संकोच आज थोडा बाजूला ठेवू या.

पाळीच्या आधी काही दिवस दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात, आणि पाळी सुरू झाली की आराम पडतो. हा संप्रेरकांच्या मासिक चढउताराचा परिणाम असतो. दुखण्याच्या तारखा दोन-तीन महिने कॅलेंडरवर लिहून ठेवल्या, तर डॉक्टरांना निदान करणे बरेच सोपे जाते. नुसते दुखणे हे कर्करोगाचे लक्षण क्वचितच असते.

खाजेचे मूळ बहुधा त्वचेत असते. कोकणासारख्या दमट हवेत स्तनांखालच्या घडीत घाम साचतो, त्वचा त्वचेवर घासते आणि तिथे बुरशी वाढते. घट्ट नायलॉनची ब्रेसियर किंवा तिच्यात राहिलेली साबणाची पावडर ही खाज आणखी वाढवते. घडी कोरडी ठेवावी, सुती कपडा वापरावा, आणि औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम मनाने आणून लावू नये, कारण त्याने खाज तात्पुरती थांबते पण नायटा आतून पसरत राहतो.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनाग्राला चिरा पडतात, त्या बहुतेक वेळा बाळाने स्तन नीट तोंडात न धरल्यामुळे. स्तन लाल, गरम होऊन ताप आला तर डॉक्टरांकडे जावे. पाजणे मात्र, घरातल्या मोठ्यांनी थांबवायला सांगितले तरी, सहसा थांबवू नये.

एका खाजेबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. एकाच बाजूच्या स्तनाग्रावर खाज, खपली किंवा ओलसर चट्टा असेल आणि तो मलम लावूनही दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तर त्याला इसब समजून बसू नका. लंडनचे शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली सुमारे १५ स्त्रियांमध्ये असा चट्टा आधी आणि कर्करोग नंतर असा क्रम नोंदवला होता. त्या विकाराला आजही त्यांचेच नाव आहे. त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासला की निदान होते.

गाठ, रक्तमिश्रित स्राव, आत ओढलेले स्तनाग्र किंवा संत्र्याच्या सालीसारखी त्वचा दिसली, तर दुखत नसले तरी लगेच तपासून घ्यावे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका हवी असे मोकळेपणाने सांगा. वाट ठाऊक नसेल तर गावातल्या आशाताईंना विचारा.