‘फॉरेन’ म्हणजे नेमकं कुठलं? एलियन, स्ट्रेंज, एक्झॉटिक यांतला फरक

नमस्कार मंडळी.

‘माय ब्रदर इज इन फॉरेन.’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय, की ते चुकीचं आहे म्हटलं तर लोक चमकतात. मराठीत ‘तो फॉरेनला गेला’ अगदी बरोबर आहे. आपण शब्द घेतला, त्याला ‘ला’ लावला, त्याचं नाम केलं, आता तो आपला झाला. पण इंग्रजीत फॉरेन हे विशेषण आहे. त्याच्यापुढे काहीतरी यावं लागतं: फॉरेन कंट्री, फॉरेन लँग्वेज, फॉरेन करन्सी. भाऊ परदेशात असेल तर तो ‘अब्रॉड’ असतो, आणि त्याच्याआधी ‘इन’ लागत नाही. ‘माय ब्रदर इज अब्रॉड.’ झालं.

व्याकरण एवढंच. आज मला बोलायचंय ते अर्थाबद्दल. बाहेरच्या विद्यापीठांना अर्ज करणाऱ्या मुलांचे एसओपी, म्हणजे ‘मला इथे का शिकायचंय’ हे सांगणारे निबंध, माझ्याकडे तपासायला येतात. फॉरेन शब्द दोनदा आला की मुलं शब्दकोश उघडतात, तिथे एलियन, स्ट्रेंज, एक्झॉटिक, ओव्हरसीज अशी रांग दिसते, आणि त्यातला जो भारदस्त वाटेल तो उचलतात. मग ‘आय वॉन्ट टू लिव्ह इन ॲन एलियन कल्चर’ असं वाक्य तयार होतं. मुलाला म्हणायचं असतं, मला नवी संस्कृती जवळून बघायचीय. वाचणाऱ्याला मात्र ऐकू येतं, की मला तुमचं सगळं परकं वाटतं. तिथे ‘न्यू’ किंवा ‘अनफॅमिलियर’ एवढं साधं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

हे शब्द एकमेकांच्या जागी का बसत नाहीत, ते बघू.

[पडद्यावर: फॉरेन – दार]

लॅटिनमध्ये ‘फोरिस’ म्हणजे दार, आणि ‘फोरास’ म्हणजे दाराबाहेर. त्यावरून फोरानस, म्हणजे बाहेरचा, आणि तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. भाषाशास्त्रज्ञ या फोरिसचं मूळ आणि संस्कृत ‘द्वार’चं मूळ एकच मानतात. म्हणजे आपलं दार, इंग्रजांचं डोअर आणि फॉरेन ही सगळी एकाच घरातली मंडळी. फॉरेस्टसुद्धा यांच्यातलाच, तो कुंपणापलीकडचं, बाहेरचं रान सांगतो. आणि स्पेलिंगमधला तो न उच्चारला जाणारा ‘जी’? तो मुळात नव्हताच. रेन, सॉव्हरिन या राज्यकारभारातल्या शब्दांच्या स्पेलिंगकडे बघून तो मागाहून घुसवला गेला.

तर फॉरेन म्हणजे दाराबाहेरचा. आता प्रश्न एकच: कुणाच्या दाराबाहेरचा? इथून खरी गंमत सुरू होते, कारण ते दार देशाचंच असायला हवं असं मुळीच नाही.

अमेरिकेत एखादी कंपनी डेलावेअर राज्यात नोंदवलेली आहे आणि तिला कॅलिफोर्नियात धंदा करायचाय, तर कॅलिफोर्नियाच्या लेखी ती ‘फॉरेन कॉर्पोरेशन’ असते. देश एक, चलन एक, झेंडा एक, तरी फॉरेन. दुसऱ्या देशातली कंपनी वेगळी ओळखायची असेल, तर तिथल्या कायद्याच्या परिभाषेत तिला ‘एलियन कॉर्पोरेशन’ म्हणतात. स्टार्टअप काढणाऱ्या आपल्या मुलांना या दोन शब्दांतला फरक माहीत नसेल, तर नोंदणीच्या कागदांवर पहिल्याच पानाला घोळ होतो. आपल्याकडेही हे आहेच की. महाराष्ट्रात परदेशी आडनावाची जी कुटुंबं आहेत, त्यातल्या अनेकांचे पूर्वज उत्तरेकडून आलेले. म्हणजे सगळा प्रवास भारतातल्या भारतात, पण इथल्या गावाने त्यांना नाव दिलं ‘परदेशी’.

आता दवाखान्यात चला. एमआयडीसीत ग्राइंडिंग करणारा कामगार डोळा चोळत येतो. चष्मा घातलेला नव्हता, लोखंडाचा बारीकसा कण उडून बुबुळावर रुतलाय. डॉक्टर मशीनमधून बघतात आणि केसपेपरवर लिहितात: ‘फॉरेन बॉडी, राइट आय’. तो कण हातभर अंतरावरच्या मशीनमधून आलाय, त्याला परदेशाचा वाराही लागलेला नाही. पण तो डोळ्याचा नाही. शरीराच्या दाराबाहेरची वस्तू आत आली, की ती फॉरेन बॉडी. लहान मुलाने नाकात घातलेला हरभऱ्याचा दाणासुद्धा फॉरेन बॉडीच.

आयटीतल्या मंडळींना आणखी एक फॉरेन रोज भेटतो: ‘फॉरेन की’. एका तक्त्यात विद्यार्थ्यांची माहिती आहे, रोल नंबरने प्रत्येकजण ओळखला जातो. दुसऱ्या तक्त्यात भरलेल्या फीच्या नोंदी आहेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे तोच रोल नंबर लिहिलाय. फीच्या तक्त्यात हा रोल नंबर फॉरेन की ठरतो, कारण तो ज्याची ओळख सांगतो तो विद्यार्थी शेजारच्या तक्त्यात राहतो. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेसची ही मांडणी सांगताना हाच शब्द वापरला होता. मला तो फार आवडतो. परका असूनही दोन तक्ते जोडून ठेवण्याचं काम तोच करतो.

आणि फॉरेनच्या मागे ‘टू’ आलं, की अर्थ आणखी आत जातो. ‘लाइंग इज फॉरेन टू हर नेचर.’ खोटं बोलणं तिच्या स्वभावातच नाही.

आता एलियन. हा लॅटिन ‘एलिएनस’वरून आला, म्हणजे दुसऱ्याचा, दुसऱ्याच्या मालकीचा. अलायस आणि अलिबाय हेही त्याच्याच नात्यातले. फॉरेन विचारतो, आतला की बाहेरचा? एलियन विचारतो, कुणाचा? म्हणून कायद्याला हा शब्द सोयीचा वाटला. अमेरिकेचा १९५२चा इमिग्रेशन कायदा, जो अमेरिकेचा नागरिक किंवा नॅशनल नाही त्याला सरळ एलियन म्हणतो. पुण्याहून एमएस करायला गेलेली मुलगी एफ-१ व्हिसावर पहिली पाच वर्षं करापुरती साधारणपणे ‘नॉनरेसिडेंट एलियन’ असते आणि १०४०-एनआर हा फॉर्म भरते. पहिल्यांदा तो शब्द स्वतःबद्दल वाचून मुलं दचकतात, कारण परग्रहावरचा प्राणी हाच अर्थ डोक्यात असतो. तो अर्थ विसाव्या शतकातल्या विज्ञानकथांनी रुजवला. कायद्यातला त्याच्या कितीतरी आधीचा. १७९८ मध्येच अमेरिकेत ‘एलियन’ नावाने कायदे झाले होते. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने इमिग्रेशन खात्यांना लिखाणात एलियनऐवजी ‘नॉनसिटिझन’ वापरायला सांगितलं, पण मूळ कायद्यातला शब्द तसाच राहिला. तुम्ही फॉर्म भरत असाल तर एलियन बिनधास्त लिहा. माणसाशी बोलताना तो तोंडात येऊ देऊ नका.

स्ट्रेंजची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. लॅटिन ‘एक्स्ट्रानेअस’, बाहेरचा. त्याचा सख्खा भाऊ एक्स्ट्रेनियस आजही साधा बाहेरचा, गैरलागू एवढाच अर्थ सांगतो. स्ट्रेंज मात्र घसरत घसरत ‘विचित्र’ झाला. आउटलँडिशचंही तेच: मुळात बाहेरच्या मुलखातला, आज तऱ्हेवाईक. माणसं बाहेरच्याला आधी बाहेरचा म्हणतात, मग विचित्र म्हणतात, आणि हे आपल्यालाही लागू आहे. जपानी मित्राच्या घरी जेवून ‘द फूड वॉज स्ट्रेंज’ म्हणालात, तर तुम्ही त्याच्या आईच्या हातच्या जेवणाला नाव ठेवलंत. ‘इट वॉज न्यू टू मी’ म्हणा. जुना अर्थ फक्त स्ट्रेंजरमध्ये धड उरलाय. ‘आय ॲम अ स्ट्रेंजर हिअर’ म्हणजे मी विचित्र आहे असं नाही, तर मी इथला नाही.

एक्झॉटिक ग्रीक ‘एक्झो’वरून, पुन्हा ‘बाहेर’च. यात बाहेरच्याचं आकर्षण मिसळलेलं असतं. म्हणून भाजीवाल्याकडे ब्रोकोली आणि झुकिनी ‘एक्झॉटिक’ होऊन दुप्पट भावाने बसतात. वनस्पतिशास्त्रात मात्र हा शब्द कोरडा आहे: बाहेरून आणलेली जात, एवढंच. तीच जात पसरून इथल्या झाडांच्या मुळावर उठली, की तिला ‘इन्व्हेजिव्ह एलियन’ म्हणतात. गाजरगवत हे आपल्या रोजच्या बघण्यातलं उदाहरण. मूळ अमेरिका खंडातलं, १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं, आणि आज बांधाबांधावर आहे. झाडाला एक्झॉटिक म्हणा, भाजीला म्हणा; माणसाच्या चेहऱ्याला म्हणू नका. ऐकणाऱ्याला आपण काचेच्या पेटीत ठेवलेली वस्तू आहोत असं वाटतं.

उरला ओव्हरसीज. समुद्रापलीकडचा. हा नुसतं अंतर सांगतो, परकेपणा लादत नाही. आपल्याच नात्यातली किती माणसं ओसीआय कार्ड बाळगून आहेत: ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. कायद्याने ती दुसऱ्या देशाची नागरिक, त्यांना इथे मतदान करता येत नाही. म्हणजे शब्दशः फॉरेन नॅशनल. पण कार्डावर तसं नाही, ओव्हरसीज आहे, आणि शिवाय सिटिझन हा शब्दही आहे. मुंबईच्या विमानतळावर ते कार्ड पुढे करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या निवडीला मोल आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्यासाठी तीन प्रसंग देते. डोशाच्या पाकीटबंद पिठात केस सापडलाय आणि तुम्हाला कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहायचीय. नागपूरचा माणूस पणजीत उभा आहे, कुणीतरी त्यालाच रस्ता विचारतंय. आणि परसातलं विलायती चिंचेचं झाड, मूळ मध्य अमेरिकेकडचं, त्याच्यावर तुम्हाला चार ओळी लिहायच्यात. तिन्ही ठिकाणी कुठला शब्द घ्याल ते खाली लिहा, आणि तोच का, तेही लिहा. उत्तरं पुढच्या व्हिडिओत बघू.