एट माइलची भिंत

(दृश्य: मुलांचं खेळायचं मैदान, मागे रंगवलेली लांबच लांब भिंत. सकाळची वेळ.)

ही भिंत बघा. सहा फूट उंच, म्हणजे एखाद्या उंच माणसाने टाचा वर केल्या की पलीकडचं दिसेल एवढीच, आणि लांबी अर्धा मैल, आपल्या हिशोबाने साधारण आठशे मीटर. तुरुंगाची नाहीये, फॅक्टरीची पण नाहीये. बर्वुड आणि मेन्डोटा अशा दोन गल्ल्या आहेत, त्यांच्या घरांच्या मागून, परसातून ही सरळ जाते. या बाजूला घरं, त्या बाजूला पण घरं, तशीच छोटी, तशीच उतरत्या छपराची.

आणि गंमत नाही, खरंच विचार करा, ही भिंत कोणाला अडवू शकते? टोकापर्यंत चालत गेलं की भिंत संपते आणि वळून पलीकडे जाता येतं. मग १९४१ साली एवढा खर्च करून ती बांधली कशाला?

हे अमेरिकेतलं डेट्रॉइट. मी इथून वीस-पंचवीस मिनिटांवर राहतो, उत्तरेकडच्या सबर्बमध्ये, आणि नऊ वर्षं मला ही भिंत आहे हेच माहीत नव्हतं.

पुण्याहून, म्हणजे चिंचवडच्या ऑटो लाइनमधून इथे येणारी आपली खूप माणसं आहेत, मी पण तसाच आलो. पहिल्याच आठवड्यात एक सीनियर दादा घरी जेवायला घेऊन गेले, वहिनींनी वरण भात तूप वाढलं, जॅकेट कुठलं घ्यायचं, कार लोन कसं काढायचं सगळं सांगितलं आणि निघताना म्हणाले, "एट माइलच्या खाली उगाच जायचं नाही हां." एट माइल म्हणजे एट माइल रोड, डेट्रॉइट शहराची उत्तरेची हद्द. त्याच्या खाली शहर, तिथे बहुतेक वस्ती कृष्णवर्णीय लोकांची. त्याच्या वर आम्ही. मी विचारलं का, तर म्हणाले अरे एरिया चांगला नाही. बस, एवढंच. आणि मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे चिंचवडहून जी जी मुलं आली त्या सगळ्यांना मी पण हेच सांगितलं, तशीच काळजी करून, तसंच जेवायला बोलवून. आमच्यापैकी कोणाच्याच मनात कोणाबद्दल द्वेष नव्हता हो. तरी ते वाक्य आमच्या तोंडात आलं कुठून, ते शोधायला निघालो आणि या भिंतीपाशी पोचलो.

(दृश्य: जुने फोटो. कारखान्याच्या गेटबाहेरची गर्दी.)

वंशवाद म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, कोणीतरी कोणाला काळा म्हणून शिवी देतोय, मारतोय. ते असतंच, ते खोटं नाही. पण वंश ही गोष्ट रक्तात कुठे सापडत नाही, कातडीच्या रंगावरून माणसांचे कप्पे पाडले ते माणसांनीच, आणि कप्पे टिकवायला नुसता राग पुरत नाही. राग दोन दिवसांत थंड होतो. कप्पे टिकवायला फॉर्म लागतात, नकाशे लागतात, बँका लागतात, कोर्ट लागतं. डेट्रॉइटमध्ये हे सगळं स्वच्छ दिसतं म्हणून डेट्रॉइट सांगतोय.

१९१४ साली हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर केला. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. दक्षिणेकडच्या राज्यांतून, जिथे गुलामगिरी कायद्याने संपली तरी मतदान नाही, वेगळी शाळा, वेगळी बाकं, आणि झाडाला लटकवून मारण्याची भीती, तिथून कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडे यायला लागली. १९१० मध्ये डेट्रॉइटमध्ये ती सहा हजारांच्या आत होती, १९३० पर्यंत एक लाख वीस हजार झाली. काम मिळालं. पण राहायला? शहराच्या पूर्वेला ब्लॅक बॉटम नावाची वस्ती होती. हे नाव लोकांच्या रंगावरून पडलेलं नाही बरं का, जुन्या फ्रेंच शेतकऱ्यांनी तिथल्या काळ्या सुपीक जमिनीवरून दिलेलं. बहुतेक सगळे तिथेच कोंबले गेले, एकेका खोलीत दोन दोन कुटुंबं, भाडं जास्त, कारण बाहेर घर द्यायला कोणी तयार नाही.

आता डॉक्टर ऑसियन स्वीट यांची गोष्ट ऐका. शिकलेला माणूस, व्हिएन्ना आणि पॅरिसला जाऊन पुढचं शिक्षण घेऊन आलेला. १९२५ मध्ये त्यांनी गार्लंड स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या वस्तीत, साडेअठरा हजार डॉलरला घर घेतलं. सप्टेंबरमध्ये राहायला गेले. जाताना सामानात बंदुका घेऊन गेले, कारण त्याच उन्हाळ्यात शहरात अशा इतर कुटुंबांना गर्दीने घरातून हुसकावलेलं होतं. दुसऱ्या रात्री घराबाहेर शेकडो लोक जमले, दगड यायला लागले, काचा फुटल्या, पोलीस उभेच होते. घरातून गोळ्या सुटल्या आणि बाहेरचा एक गोरा माणूस मेला. घरातले सगळे अकरा जण अटकेत, डॉक्टरांची बायको ग्लॅडिस सुद्धा. क्लॅरेन्स डॅरो हे त्या काळातले सगळ्यात गाजलेले वकील, त्यांनी केस लढवली. ज्युरीत सगळे गोरे. तरी पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही आणि १९२६ मध्ये धाकटा भाऊ हेन्री निर्दोष सुटला, नंतर बाकीच्यांवरचे आरोप पण काढून घेतले. स्वतःच्या घराचं रक्षण करायचा हक्क काळ्या माणसाला पण आहे, हे गोऱ्या ज्युरीने मान्य केलं, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. पण घराने त्यांना काय दिलं? छोटी मुलगी टीबीने गेली, दोन वर्षांनी ग्लॅडिस पण टीबीनेच गेली.

मला हे वाचताना सारखे बडोद्याचे बाबासाहेब आठवत होते. न्यूयॉर्कला शिकून, लंडनला जाऊन, १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले आणि राहायला जागा कोणी देईना, म्हणून नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि एक दिवस काठ्या घेतलेली माणसं दारात उभी. जात आणि वंश एकच असं मी म्हणत नाही, दोन्हींचा उगम वेगळा आहे. पण इतकं शिकून आलेल्या माणसाला रात्री अंग टाकायला छप्पर मिळू नये, हे दोन्हीकडे सारखंच होतं.

(दृश्य: रंगवलेला जुना नकाशा. हिरवे, निळे, पिवळे, लाल तुकडे.)

आता १९३० चं दशक. महामंदीमध्ये लोकांची घरं लिलावात निघाली होती, म्हणून सरकारने घरांच्या कर्जासाठी दोन योजना काढल्या. त्याआधी घर घ्यायचं तर निम्मे पैसे रोख भरा आणि उरलेलं पाचेक वर्षांत फेडा, असा प्रकार होता, म्हणजे साध्या कामगाराच्या आवाक्याबाहेरच. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन आलं आणि त्यांनी बँकांना सांगितलं की तुम्ही कर्ज द्या, बुडालं तर आम्ही भरू. त्याबरोबर सगळं बदललं. डाउन पेमेंट वीस टक्के किंवा त्याहून कमी, हप्ते वीस वर्षांचे. आज अमेरिकेत जो मध्यमवर्ग म्हणतात, छोटं घर, पुढे लॉन, तो इथून तयार झाला.

पण अट होती. सरकारी माणसांनी शहरांचे नकाशे रंगवले, दोनशेच्या वर शहरांचे. हिरवा म्हणजे उत्तम, निळा बरा, पिवळा उतरती कळा लागलेला आणि लाल म्हणजे धोका. आणि काळी माणसं राहतात तो भाग लाल, घरं कितीही नीटनेटकी असू देत. यालाच पुढे रेडलायनिंग असं नाव पडलं. कर्जाचा विमा कुठे द्यायचा याचं जे सरकारी मॅन्युअल होतं त्यात वस्तीत वेगळ्या वंशाचे लोक घुसण्याचा धोका बघा असं लिहिलं होतं आणि त्यापासून बचाव म्हणून नैसर्गिक किंवा मुद्दाम उभे केलेले अडथळे उपयोगी पडतात असंही लिहिलं होतं. मुद्दाम उभे केलेले अडथळे. हे शब्द लक्षात ठेवा.

(दृश्य: पुन्हा भिंत. जवळून, काँक्रीट आणि पोपडे.)

एट माइल आणि वायोमिंग रस्त्याच्या आसपास १९२० च्या दशकापासून काही कृष्णवर्णीय कुटुंबं राहत होती. तेव्हा तिथे नुसती शेतं होती. त्यांनी प्लॉट घेतले, कर्ज मिळत नव्हतं म्हणून पैसे जमतील तशी स्वतःच्या हाताने घरं बांधली, आज एक खोली, दोन वर्षांनी दुसरी. ब्लॅक बॉटमच्या कोंदटपणातून सुटून मोकळ्या हवेत आले होते ते लोक.

मग एका बिल्डरला त्यांच्या शेजारच्या जमिनीवर गोऱ्यांसाठी कॉलनी काढायची होती. त्याने सरकारी विमा मागितला, तर नकार आला, कारण शेजारी काळी वस्ती. तेव्हा तडजोड निघाली. मध्ये भिंत घाला. बिल्डरने ही भिंत बांधली आणि कर्जाचे विमे मंजूर झाले.

म्हणजे भिंत माणसं अडवायला नव्हतीच, ती फाइलमध्ये दाखवायला होती. भिंतीच्या एका बाजूच्या माणसाला वीस वर्षांच्या हप्त्यावर घर आणि दहा पावलांवर राहणाऱ्या, त्याच कारखान्यात काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला काहीच नाही. यात कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही, एका ऑफिसात कोणीतरी कागदावर शिक्का मारला आणि संध्याकाळी घरी जाऊन पोरांना झोपवलं असेल. मला जमावापेक्षा या शिक्क्याची जास्त भीती वाटते, कारण जमावातल्या माणसाला निदान कळत असतं की आपण काय करतोय.

जिथे भिंत नव्हती तिथे करार होते. घराच्या खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की हे घर गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय कोणी वापरायचं नाही. डेट्रॉइटच्याच मॅगी कुटुंबाने सीबाल्ट स्ट्रीटवर घर घेतलं आणि शेजारी कोर्टात गेले, मिशिगनच्या कोर्टांनी शेजाऱ्यांची बाजू घेतली. केस सुप्रीम कोर्टात गेली, सेंट लुईस शहरातल्या अशाच एका, शेली कुटुंबाच्या केसबरोबर ऐकली गेली, आणि १९४८ मध्ये कोर्टाने सांगितलं की असे करार आम्ही अंमलात आणणार नाही. मॅगींचे वकील होते थर्गुड मार्शल. नाव लक्षात असू द्या.

ब्लॅक बॉटमचं काय झालं? पाडलं. हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणजे त्यांचा मेन बाजार, दुकानं, दवाखाने, संगीताचे क्लब, १९५० च्या दशकाच्या शेवटापासून त्यावरून फ्रीवे गेला. बरेचसे लोक भाडेकरू, त्यांना नुकसानभरपाई कसली मिळणार. त्याच फ्रीवेवरून गोरी कुटुंबं सबर्बमधून शहरात कामाला येऊ लागली. १९६७ च्या जुलैमध्ये पोलिसांच्या एका धाडीवरून शहर पेटलं, पाच दिवसांत त्रेचाळीस माणसं गेली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्यानंतर आठवड्याभरात घर देताना वंश बघायला बंदी घालणारा कायदा आला. पण तोपर्यंत १९३४ पासून चौतीस वर्षं होऊन गेली होती, आणि ज्यांना घरं मिळायची होती त्यांची घेऊन झाली होती.

१९७४ मध्ये शाळांची केस सुप्रीम कोर्टात आली. मुद्दा असा, की डेट्रॉइटच्या शाळांतला भेदभाव मिटवायचा तर सबर्बच्या शाळा पण त्यात घ्यायला हव्यात, कारण गोरी मुलं आता तिथेच आहेत. कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी नाही म्हटलं. विरोधात मत देणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते, आता ते स्वतः न्यायाधीश होते. मुलं एकत्र शिकली नाहीत तर माणसं एकत्र राहायला कधी शिकणार, असं त्यांनी लिहिलं. मी जिथे राहतो ते स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे म्हणून आम्ही तिथे घर घेतलं. आपले सगळेच तसंच घेतात. ते चांगलं का आहे, आणि बारा मैल खाली का नाही, हे मी घर घेताना विचारलं नव्हतं.

या सगळ्याचं आजचं मोजमाप बघायचं असेल तर २०२२ च्या अमेरिकन सरकारी पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची, म्हणजे सगळी ओळीने लावली तर बरोबर मध्ये येणाऱ्या कुटुंबाची, मालमत्ता साधारण २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. घर हीच सामान्य माणसाची मोठी मालमत्ता असते, बापाचं घर विकून पोराचं कॉलेज होतं, ते तुम्हाला मला वेगळं सांगायला नको.

आणि आपण इथे आलो कसे, ते पण ऐका. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सांगितलं होतं की भारतीय माणूस गोरा नाही म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. १९४६ नंतर दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर भारतीय. खरं दार उघडलं १९६५ मध्ये, नव्या इमिग्रेशन कायद्याने, आणि ते उघडलं कारण त्या वर्षांत कृष्णवर्णीय माणसं रस्त्यावर मार खात होती, तुरुंगात जात होती, वंशावरून माणसाला बाहेर ठेवणं चूक आहे हे देशाला मान्य करायला लावत होती. त्या दारातून आपले काका आले, मग मी आलो. आणि आल्या आल्या आम्ही काय शिकलो, तर एट माइलच्या खाली जायचं नाही.

आपल्याकडे हे नातं कोणाला कळलं नव्हतं असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात बसून गुलामगिरी लिहिलं आणि अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली.

(दृश्य: भिंतीवरची चित्रं.)

भिंत अजून आहे. आता दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय कुटुंबंच राहतात. २००६ मध्ये वस्तीतल्या लोकांनी आणि चित्रकारांनी मिळून मैदानाजवळचा भाग रंगवला, साबणाचे फुगे उडवणारी मुलं आहेत, बसमध्ये चढणाऱ्या रोझा पार्क्स आहेत, बसमधली आपली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला होता त्याच. त्या अलाबामा सोडून १९५७ मध्ये डेट्रॉइटला आल्या आणि शेवटपर्यंत इथेच राहिल्या.

गेल्या महिन्यात चिंचवडहून एक नवीन मुलगा आलाय. जेवायला बोलवलं, जॅकेट सांगितलं, लोन सांगितलं. शनिवारी त्याला गाडीत घालून इथे आणलं. तो बराच वेळ भिंतीच्या कडेने चालत राहिला, मग म्हणाला, "दादा, ही तर पुढे संपतेय." म्हटलं हो, संपते. दोघं टोकापर्यंत गेलो, वळलो आणि पलीकडच्या गल्लीतून परत आलो. एक आजोबा अंगणात बर्फ काढायचं मशीन दुरुस्त करत बसले होते, त्यांनी हात केला, आम्ही पण केला.