दिसणारं मराठी आणि ऐकू येणारं मराठी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘समावेशक शिक्षण आणि डिजिटल तंत्रज्ञान’. समोर बहुतेक शिक्षक आहेत, काही पालक आहेत, शाळाशाळांत जाऊन दिव्यांग मुलांना शिकवणारे फिरते विशेष शिक्षकही ओळखीचे दिसताहेत. तेव्हा समावेशन म्हणजे काय, ते कशासाठी, यात मी शिरत नाही. न दिसणारं, कमी ऐकू येणारं, वाचताना अडखळणारं, घरी वेगळीच भाषा बोलणारं मूल तुमच्याच वर्गात बसलेलं असतं. त्याला तंत्रज्ञानाचा काय उपयोग होईल हे सांगायचं मी कबूल केलंय. बोर्ड, टॅब, ॲप, सगळ्यांकडे येते. पण त्याआधी मला एका गोष्टीबद्दल बोलायचंच आहे, कारण माझ्या पाहण्यातल्या प्रशिक्षणांत तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे फॉन्ट.

सातवीतली एक मुलगी, जन्मापासून दिसत नाही. शाळा ठाण्यातलीच, मराठी माध्यमाची; नाव सांगत नाही. आई वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला, वडील रिक्षा चालवतात. मुलीकडे आईचा जुना अँड्रॉइड फोन, त्यावर टॉकबॅक चालू. पडद्यावर बोट फिरेल तिथलं वाचून दाखवणारी ही सोय, वेगळे पैसे पडत नाहीत. मुलगी त्यात इतकी तरबेज की आवाजाचा वेग तिनं भरपूर वाढवून ठेवलेला. मला शेजारी बसून एक शब्द कळायचा नाही, आणि ही ऐकता ऐकता उत्तरं सांगायची.

त्या वर्षी शाळेत स्मार्ट बोर्ड बसला. नारळ फुटला, फोटो निघाले. आणि त्याच सुमारास वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीचा स्वाध्याय आला, पीडीएफमध्ये. मुलीनं तो उघडला. फोन काय बोलला? एच, के, के, जे, आर. ओळखा बघू, कोणता शब्द? मागून कोणीतरी म्हणतंय, स्टेशनचा कोड. ठाणेकरांना आधी लोकलच आठवणार! नाही हो, तो शब्द आहे ‘भारत’. अख्खा स्वाध्याय असाच. मुलीला वाटलं फोन बिघडला. रात्री आई कामावरून आली, स्वयंपाक झाला, मग आईनं एकेक प्रश्न वाचून दाखवला आणि हिनं तोंडी उत्तरं सांगितली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. इतर मुलं दुपारी चारला अभ्यास संपवून खेळायला जात, हिचा अभ्यास रात्री दहाला सुरू होई. आणि प्रगतिपुस्तकावर शेरा: ‘स्वाध्याय वेळेवर देत नाही.’ हा शेरा मी स्वतः वाचलाय आणि त्याचा राग मला आजही येतो. मुलीला मराठी येत होतं, फोन येत होता, अभ्यासाची हौस होती. अडलं होतं ते आपण तिला दिलेल्या कागदापाशी.

असं का झालं ते नीट समजून घ्या. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे चितारतो. ‘भ’ तर दोन कळांनी बनतो, एकीनं अर्धा भ, दुसरीनं उभा दंड. आपल्या डोळ्यांना ‘भारत’ दिसतं आणि आपण पुढे जातो. ज्याला पडदा दिसत नाही, त्याच्या फोनला मात्र पोटात जे आहे तेच वाचावं लागतं. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-संकेतप्रणालीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तिथे ‘भारत’ हे आतही भारतच असतं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, विंडोज २००० पासून ती साध्या संगणकावर चालते. म्हणजे आज सातवीत असलेल्या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून सोय हजर आहे.

मग जुने फॉन्ट अजून का चालतात? त्यालाही कारण आहे, आणि त्यात टायपिंग करणाऱ्यांचा दोष नाही. आपल्या कोर्ट नाक्यावर टायपिंगवाले बसतात, गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं आहेत. त्यांची बोटं मराठी टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर घडलेली. वर्षानुवर्षं छपाईचं काम त्या फॉन्टमध्ये झालं, आणि छापील कागदाला आत काय साठवलंय याच्याशी देणंघेणं नसतं. घोटाळा झाला तो कागदाऐवजी फाइल मुलांपर्यंत जायला लागली तेव्हा. अशा टंकलेखकांना मी हात जोडून सांगते, तुमची बोटांची सवय सोडू नका. रेमिंग्टन, म्हणजे त्याच टंकलेखन यंत्राच्या मांडणीचा युनिकोड कळफलक मिळतो, कळा त्याच, आत साठणारं मराठी मात्र खरं. जुन्या फाइली बदलून देणारी परिवर्तकं इंटरनेटवर फुकट आहेत. जोडाक्षरं तेवढी नंतर तपासावी लागतात, विशेषतः रफार.

दुसरा प्रकार फोटोचा. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून फोटो काढायचा, स्वतःच्या पायाची सावली त्यावर, आणि ग्रुपवर ‘सर्वांनी सोडवा’. ज्यांना दिसतं त्यांनाही तो मान वाकडी करून वाचावा लागतो. चित्रातला मजकूर ओळखणारी साधनं आता मराठीतही बरी चालतात, गुगल लेन्स वापरून पाहा. पण जोड्या लावा, तक्ता, रिकाम्या जागा आल्या की गडबड होते. हाताशी शब्द असताना त्यांचं चित्र करायचं आणि मुलानं त्या चित्रातून पुन्हा शब्द शोधायचे, हा उलटा व्याप कशासाठी?

त्या मुलीचं पुढे काय झालं, तेही सांगते. तिच्या मराठीच्या बाईंना ही गोष्ट कळली आणि त्यांनी लगेच मनावर घेतलं. गुगल डॉक्समध्ये बोलून टाइप करायला त्या शिकल्या. मराठीत ते चालतं, विरामचिन्हं हातानं घालावी लागतात. शीर्षकाला शीर्षकाची शैली, प्रश्नांना अनुक्रमांक, चित्राखाली दोन ओळींचं वर्णन. पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं कधी कधी विस्कटतात, म्हणून सोबत वर्डची फाइलही. पहिल्याच दिवशी मुलीनं दुपारी स्वाध्याय सोडवला आणि बाईंना आवाजी निरोप पाठवला: ‘बाई, प्रश्न तिसरा दोनदा आलाय.’ वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं! तिनं प्रत्येक ओळ ऐकली होती.

आणि फायदा तिच्यापुरता राहिला नाही. वाचनात अडखळणारा एक मुलगा तीच फाइल ऐकत, अक्षर मोठं करून, ओळींत अंतर वाढवून वाचायला लागला. एका मुलाच्या घरी हिंदीच बोलतात, त्याची आई फाइलमधला मजकूर उचलून भाषांतर करून घ्यायला लागली. फोटोतून हे करायला निघालात तर प्रत्येक पायरीवर अडाल.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बरं. आता जे कबूल केलं होतं ते भरभर.

कर्णबधिर मुलं. लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप समोरच्याचं बोलणं मराठीत लिहून दाखवतं. आत्ता इथे गोखले रोडचे हॉर्न ऐकू येताहेत, वर्गात पंखा आणि साठ मुलं. म्हणून फोन शिक्षकाच्या जवळ हवा किंवा कॉलर माइक हवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ दिसू द्या. आणि ज्या मुलाची भाषा खुणांची आहे त्याला पडद्यावरच्या लेखी ओळी पुरत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था २०१५ मध्ये स्थापन झाली. पाठ्यपुस्तकं त्या भाषेत आणण्यासाठी एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेनं २०२० मध्ये तिच्याशी करार केला. त्या चित्रफिती शोधा आणि वर्गात सगळ्यांना दाखवा, म्हणजे बाकीची मुलंही चार खुणा शिकतील.

आपल्या ठाण्याच्या येऊरमधल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं. वारली बोलीत वाचून दाखवणारा आवाज आपल्या फोनमध्ये नाही. तिथे एखाद्या आजीचा किंवा मोठ्या ताईचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करा, त्याचा क्यूआर कोड बनवा आणि पुस्तकाच्या पानावर चिकटवा. बालभारतीच्या पुस्तकांतले दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपचे कोड मुलांना माहीत आहेत, हा तुमचा स्वतःचा कोड. नेट नसेल तिथे फाइल फोनमध्येच ठेवून द्या.

स्मार्ट बोर्ड. असेल तर वापरा, पण त्यावर जे दाखवाल ते तोंडानंही बोला. ‘हे इकडे, ते तिकडे’ असं म्हणू नका, ‘नकाशात वर डाव्या कोपऱ्यात’ असं म्हणा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक ठळक ठेवा. वेबसाठीच्या सुगम्यता मापदंडात तो साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ धरलाय. पिवळ्यावर पांढरं लिहू नका, एवढं ध्यानात ठेवलंत तरी चालेल.

कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आली, अध्ययन अक्षमताही आली. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होती. पुस्तक वाचता येईल अशा रूपात बदललं तर कॉपीराइटचा भंग होईल का, असं शिक्षक घाबरत विचारतात. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांगांसाठी, नफा न घेता तसं करायला वाट मोकळी केली आहे. न दिसणाऱ्यांना पुस्तकं वाचता येतील अशा रूपात मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१३ चा, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात तुमच्या विद्यार्थ्याचं नाव नोंदवा.

परीक्षा. मुलाची उत्तरं ऐकून लिहिणारा लेखनिक मिळवताना पालकांची किती धावपळ होते, तुम्ही पाहता. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत शक्यतो ब्रेल, संगणक, मोठा टाइप असा पर्याय उमेदवाराला द्यावा, असं म्हटलं होतं. पण दहावीत एकदम संगणक देऊन उपयोग नाही. पाचवीच्या घटक चाचणीपासून टाइप करून उत्तरं लिहायची सवय लावा, मुख्याध्यापकांना तसं लेखी द्या. अडचण आली तर फिरत्या विशेष शिक्षकांना गाठा. ते आज इथेच बसले आहेत.

गणिताबद्दल प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. सूत्रं चित्र म्हणून डकवू नका, वर्डमधल्या समीकरणाच्या सोयीनं लिहा, इतकं आत्ता सांगते. भूमितीच्या आकृत्यांचं उत्तर मोठं आहे. ज्यांना त्याबद्दल विचारायचंय त्यांनी आधी हात वर करा.