गायकवाड वाड्याच्या दरवाज्यातून

मंडळी, केसरीवाड्यात आपण पुणेकर बहुतेक वेळा भाद्रपदात जातो. मानाचा पाचवा गणपती, पटांगणातली गर्दी, विसर्जनाच्या दिवशी निघणारी पालखी. दर्शन झालं की पावलं लक्ष्मी रस्त्याकडे वळतात. आत लोकमान्यांचं संग्रहालय आहे, हे ठाऊक असतं. पण त्यासाठी वेगळी वेळ काढणारे थोडे. आज मी तुम्हाला या वाड्याच्या दरवाज्यातून कोण कोण आत आलं, ते सांगणार आहे. कारण आतल्या वस्तू आपण काचेतून पाहतो, पण त्या वाड्याला धडकी भरवणाऱ्या आणि त्याचं मन मोठं करणाऱ्या गोष्टी दरवाज्यातून आल्या.

आधी थोडं मागे जाऊ. टिळकांचा मुक्काम पूर्वी विंचूरकर वाड्यात होता. 1892 मध्ये स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते तिथेच, आणि 1894 मध्ये टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला तोही तिथेच. नारायण पेठेतला हा वाडा बडोद्याच्या गायकवाडांचा. सयाजीराव महाराजांकडून टिळकांनी तो 1905 मध्ये घेतला. गणपतीही त्याच वर्षी इकडे आला. ज्यांनी वाडा दिला आणि ज्यांनी घेतला त्यांचं सगळ्याच बाबतीत जुळत होतं असं मात्र नाही. सयाजीरावांनी 1906 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसकट. पुण्यात तोच प्रश्न निघाला तेव्हा टिळकांचं म्हणणं, आधी मुलांपासून सुरुवात करावी. हा मतभेद मला महत्त्वाचा वाटतो आणि तो वाडा दाखवताना झाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा वाडा राहण्यापुरता कधीच नव्हता. घर, कचेरी आणि छापखाना एकाच आवारात. केसरी मंगळवारी निघायचा, आणि त्याआधीच्या धावपळीत घरातल्या माणसांनाही उसंत नसणार, हे सांगायला नको. टिळक अग्रलेख बहुधा तोंडी सांगत, लेखनिक उतरून घेई. मग कंपोझिटर एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा शिशाचा ठसा, उचलून ओळ जुळवी. मराठीला जोडाक्षरांमुळे शेकडो खिळे लागत. ते कमी कसे करता येतील, यात टिळकांनी स्वतः डोकं घातलं. खिळ्यांची संख्या 190 पर्यंत उतरवण्याचा तो खटाटोप पुढे टिळक टाइप म्हणून ओळखला गेला. गीतेवर भाष्य लिहिणारा माणूस शिशाच्या खिळ्यांचा हिशेब मांडत बसतो, हे मला फार मोलाचं वाटतं. संग्रहालयात त्यांचं लिहिण्याचं डेस्क आहे. ते बघाल तेव्हा शेजारी छापखान्याचा खडखडाट चालू आहे असं समजून बघा.

आता दरवाज्याकडे येऊ. जून 1908. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या केसरीतल्या लेखांवरून टिळकांना मुंबईत 24 तारखेला अटक झाली आणि लगेच पोलीस या वाड्यात झडतीसाठी शिरले. एवढ्या मोठ्या घरात, कागदांच्या एवढ्या ढिगात त्यांच्या हाती लागलेली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे एक पोस्टकार्ड. त्यावर स्फोटक द्रव्यांसंबंधीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिलेली होती. सरकार पक्षाने ते कार्ड न्यायालयात पुढे केलं. टिळकांचा खुलासा असा, की स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा नुकताच झाला होता, त्यावर लिहायचं तर ‘स्फोटक’ कशाला म्हणतात ते बघायला नको का? मला हा खुलासा पूर्ण पटतो. ज्या माणसाने कायद्याचे वर्ग चालवले, तो व्याख्या तपासल्याशिवाय लिहील कसा? पण ज्यूरीतल्या सात जणांनी त्यांना दोषी ठरवलं, दोघांनी नाही, आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. वाड्याचा मालक ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात गेला.

मंडालेतल्या गीतारहस्याबद्दल आपण खूप बोलतो. शिसपेन्सिलीने लिहिलेल्या वह्या, 1915 मधलं प्रकाशन, सगळं तोंडपाठ असतं. पण त्या सहा वर्षांत इकडे वाड्यात काय चाललं होतं? इथे टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई होत्या. जून 1912 मध्ये त्या वारल्या. तार मंडालेला पोचली. टिळकांनी भाच्याला जे पत्र पाठवलं त्यात सगळ्यात मोठं दुःख हे मांडलंय, की अशा वेळी मला तिच्याजवळ राहता आलं नाही. सत्यभामाबाईंचं नाव आपल्या बोलण्यात क्वचित येतं. या वाड्याची किंमत मोजणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यायला हवं.

मग 16 जून 1914 ची रात्र. सरकारने टिळकांना कुठे नेतोय याची वाच्यता न करता बोटीने, मग रेल्वेने आणलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास वाड्याच्या दारात सोडलं. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना ओळखलं नाही, घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत आत घेतलं नाही, अशी हकीकत सांगतात. सहा वर्षांनी माणूस आपल्याच दारात थांबलाय! दुसऱ्या दिवशी पुण्याला बातमी कळली आणि रीघ लागली. लगोलग पोलिसांचा पहाराही लागला. वाड्यात कोण येतं, कोण जातं त्याची नोंद व्हायची. भेटायला येणाऱ्याला आपलं नाव सरकारदप्तरी जाणार हे कळत होतं, आणि तरी लोक येत होते. त्या साध्या भेटीला धैर्य लागत होतं.

याच दरवाज्यातून 23 जुलै 1916 ला एकाच दिवशी दोन गोष्टी आत आल्या. टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून वाड्यात समारंभ होता आणि लोकांनी जमवलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण झाली. त्याच दिवशी पोलीस अधिकारी नोटीस घेऊन हजर. बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्यावरच्या भाषणांबद्दल वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी द्या: वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. टिळकांनी थैली देशकार्याला देऊन टाकली आणि नोटिशीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. तिथे त्यांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. स्वराज्य मागणं हा राजद्रोह ठरत नाही, असा अर्थ लोकांनी त्यातून घेतला, आणि होमरूलच्या, म्हणजे स्वराज्याच्या, चळवळीला जोर आला.

टिळक 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईत, सरदारगृहात वारले. वाड्याचा इतिहास तिथे संपत नाही. क्रांतिकारक मादाम कामांनी 1907 मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला फडकवलेला ध्वज स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला, तो इथे जपलेला आहे. हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. वर आठ कमळं, मधोमध देवनागरीत ‘वंदे मातरम्’, खाली सूर्य आणि चंद्र. कापडासमोर जरा वेळ उभे राहा. परदेशातल्या सभेत एका बाईने तो उंच धरला होता.

आणि शेवटी, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते श्रीधरपंत. लोकमान्यांचे धाकटे चिरंजीव. जातिभेदाविरुद्ध काम करणाऱ्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समाज समता संघाची पुण्याची शाखा त्यांनी 8 एप्रिल 1928 ला याच वाड्यात उघडली. बाबासाहेब स्वतः आले. सहभोजन झालं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांच्या पंगतीला लोकमान्यांचा मुलगा बसला, आणि तेही लोकमान्यांच्या घरात. केसरीच्या विश्वस्तांशी त्यांचा संघर्ष आधीपासून चालू होता. 25 मे 1928 ला श्रीधरपंतांनी आपलं आयुष्य संपवलं. जाण्यापूर्वी त्यांनी बाबासाहेबांना पत्र लिहिलं होतं.

ती पंगत झाली त्या जागी त्या दिवसाची पाटी लागायला हवी. तारीख, बाबासाहेबांचं नाव, श्रीधरपंतांचं नाव. तिच्याजवळ सत्यभामाबाईंविषयी चार ओळी, आणि 1908 च्या खटल्यातला पोस्टकार्डाबद्दलचा टिळकांचा जबाब मराठीत. शाळेच्या सहली संग्रहालयात येतात, त्या मुलांना तो जबाब वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लावावा.