रेम्ब्रांटच्या रंगाची जाडी

हा माणूस कधी जन्मलाच नाही. काळा पोशाख, पांढरी कॉलर, रुंद काठाची टोपी, विरळ दाढीमिशी. एप्रिल २०१६मध्ये ॲमस्टरडॅमला हे चित्र लोकांपुढे आलं, 'द नेक्स्ट रेम्ब्रांट' या नावाने. डच चित्रकार रेम्ब्रांट वारला १६६९ साली; हे चित्र त्याच्या शैलीत संगणकाच्या मदतीने केलेलं.

संगणकाला त्याची ३४६ चित्रं अभ्यासायला दिली होती. पण काढायचं कोणाचं चित्र? तेही मोजूनच ठरलं. त्याने रंगवलेल्या माणसांत तीस-चाळिशीचे, दाढीमिशीवाले, काळ्या कपड्यांतले पुरुष जास्त भरले.

डोळे, नाक, तोंड, कान संगणकाला वेगवेगळे शिकवले, मग चेहऱ्यावरच्या बिंदूंमधली अंतरं मोजून ते जागेवर बसवले. अशा जोडकामात पहिली चूक होते ती उजेडाची. नाकाची सावली एकीकडे पडते आणि डोळ्यातली चमक भलतीकडे. आजही एआयकडून बरोक, म्हणजे रेम्ब्रांटच्या काळातल्या उजेड-अंधाराच्या धाटणीचं चित्र करून घेतलंत, तर आधी डोळ्यांतली चमक, नाकाखालची सावली आणि कॉलरची घडी बघा. तिन्ही ठिकाणी उजेड एकाच बाजूने यायला हवा.

खरी अवघड गोष्ट पुढेच आहे. रेम्ब्रांट कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, कॉलरवर शिशाचा सफेदा जाड थापतो. सावलीत मात्र रंग इतका पातळ ठेवतो की खालचा तपकिरी थर डोकावतो. फोटोत ही जाडी येतच नाही. म्हणून मूळ चित्रांच्या पृष्ठभागाचे उंचसखल भाग मोजले, त्यांचा नकाशा केला, आणि अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या शाईचे १३ थर एकावर एक छापले.

उंचवटे त्यामुळे पुष्कळ साधले. काळोख तितका साधला नाही, असं आमचं मत. जवसाच्या तेलातल्या पातळ थरातून उजेड आत शिरतो आणि खालच्या थरावरून परततो. रेम्ब्रांटच्या सावलीला खोली येते ती तिथून. छापील शाईत ती खोली गडद रंगानेच दाखवावी लागते.

जुनी चित्रं जपणारे संवर्धक चित्र तपासतात तसा आता दिवा बाजूला नेऊ. तिरक्या उजेडात सफेद्याचा प्रत्येक उंचवटा स्वतःची बारीक सावली टाकतो. दिवा पुन्हा समोर आणला की या सावल्या जातात. आता टोपीखालच्या अंधाराकडे बघा.