सतरा शेकेलांचं शेत

पाळकसाहेब, आणि रविवारची वामकुक्षी मोडून आलेल्या मंडळींनो,

विषय पत्रिकेत छापलाय, 'जुन्या करारातून आजच्या विश्वासाला उत्तेजन'. यिर्मया, एलीया, हबक्कूक, बायबलातल्या या तिघा संदेष्ट्यांवर बोलायचं कबूल केलंय. वेळ अर्धा तास. बघू या.

आधी माझी जुनी तक्रार. आपल्या घराघरांत कॅलेंडरवर यिर्मया २९:११ असतं. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, छान. लग्नपत्रिकेवर तेच, दहावीच्या पेढ्यांवरही तेच. त्याच्या वरचं दहावं वचन मात्र कुणी छापत नाही. बाबेलात धरून नेलेल्या आपल्या लोकांना यिर्मयाने धाडलेल्या पत्रातलं ते. बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन, असं त्यात आहे. सत्तर! ते पत्र ऐकणारे बहुतेक तोवर मातीत गेलेले असणार. शिवाय त्याच पत्रात सांगितलंय, घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा आणि जिथे धरून नेलंय त्या नगरासाठी प्रार्थना करा. म्हणजे शत्रूच्या नगरासाठी. टाका की हे कॅलेंडरवर! (हसू नका, छापणारे इथेच बसलेत.)

तर अध्याय ३२. इ.स.पू. ५८७च्या आसपासची गोष्ट. यरुशलेमेला बाबेलच्या राजाचा, नबुखद्नेस्सराचा वेढा पडलाय. शहर पडणार असं उघड सांगतो म्हणून यहूदाच्या राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलंय. अशात भेटायला कोण येतं? चुलतभाऊ हानामेल. आणि काय घेऊन? जमीन! "अनाथोथातलं माझं शेत घे, सोडवण्याचा हक्क तुझाच." (जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगाने ती विकत घ्यायची, तो हा हक्क.) अनाथोथ म्हणजे यिर्मयाचं गाव, वेढ्याच्या पलीकडे. तिथल्याच माणसांनी पूर्वी त्याच्या जिवावर उठून कट केला होता, अकरावा अध्याय काढून बघा. बुडत्या जमिनीचा सातबारा घेऊन येणारा असा एक भाऊ आपल्याही प्रत्येक घराण्यात असतोच.

यिर्मयाने शेत घेतलं. सतरा शेकेल चांदी, आजची सुमारे दोनशे ग्रॅम, ताजव्यात तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला सांगितलं, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत १९६१ साली बाबथा नावाच्या यहूदी विधवेचे कागद सापडले, यिर्मयानंतर सातशे वर्षांचे. त्यांतही असे दुहेरी दस्त आहेत. आतला मजकूर गुंडाळून बंद केलेला, बाहेर तोच मजकूर वाचायला उघडा. वाद झालाच तर बंद भाग फोडून ताडून बघायचा. म्हणजे यिर्मयाने नुसता दृष्टान्त नाही केला, कोर्टात टिकेल असा व्यवहार केला.

आणि मग प्रार्थनेला बसला. प्रार्थनेच्या शेवटी काय? कुरकूर! प्रभो, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय आणि तू मला सांगतोस, पैसे मोजून शेत घे? ही शंका दस्त झाल्यानंतरची आहे, हे लक्षात घ्या. मला बळ मिळतं ते इथे. शंका फिटल्यावर बघू म्हणाला असता, तर मडकं रिकामंच राहिलं असतं. ते शेत त्याने पुढे नांगरलं, असंही कुठे लिहिलेलं नाही. शहर पडलं आणि त्याच्याच लोकांनी त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तात, नेलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

एलीया. १ राजे १९. कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या संदेष्ट्यांना हरवून आलेला माणूस रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवरची भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, उठवून परत खायला घालतो. घरात कुणी खचलं असेल तर आधी ताट वाढा, वचनं मग. आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहूदी, मलिद्याचं (गोड पोह्यांचं) ताट मांडून याच एलियाहू हनाबीला साद घालतात, त्यावर बोलायचं होतं, राहिलं.

हबक्कूक. 'किती वेळ?' असं विचारत सुरुवात करतो. उत्तर मिळतं की खास्दी येताहेत, म्हणजे आणखी वाईट. तरी तिसऱ्या अध्यायात म्हणतो, अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे त्याला कसं जमलं, यावर माझी चार पानं उरलीत. ती राहू द्या. प्रश्न असतील तर विचारा, पण उभं राहून, मागे ऐकू येत नाही.